उभ्या पिकाची अमावास्या

वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी औशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग, वालाच्या शेंगा, हिरवा वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, चुक्याच्या आणि मेथीच्या जुड्या, गाजरं, बोरं, चिंचेचे गोळे. एका अंगाला कुंभारांची मडकी आणि बिंदगी, त्यांच्या शेजारी चुन्याच्या आणि कावेच्या पुड्या. गिऱ्हाईक भाव करतं, पण घासाघीस फार ताणत नाही. घरी जाऊन शेंगा सोलायच्या असतात. भज्जीचं सामान रात्रीच निवडून ठेवावं लागतं, कारण पहाटे तीन-चारला चुली पेटतात.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवकडचा माणूस येळवस म्हणतो. दिवाळी-दसऱ्याला घरी न आलेला मुलगा येळवसीला मात्र पुण्याहून येतो. लातूरचं जिल्हा प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी देतं. लातूर शहरातली गंजगोलाई, जिथे सोळा रस्ते एकत्र येतात आणि एरवी गाडी काढायला वाट मिळत नाही, तिथे त्या दिवशी दुकानांची शटरं खाली असतात आणि मधल्या जगदंबेच्या देवळाभोवती एखाददुसरी रिक्षा उभी असते. औशात तर सकाळी नऊनंतर रस्त्यावर माणूसच उरत नाही. सगळं गाव शिवारात जातं.

मी गेलो ती येळवस ३० डिसेंबर २०२४ ची, सोमवारची. औसा लातूरपासून वीसेक किलोमीटरवर, तुळजापूरच्या वाटेवर. बहामनी काळातला भुईकोट किल्ला, वीरनाथ महाराजांचं नाथ संस्थान, जुन्या निजामी राजवटीच्या खुणा अंगावर वागवणारं हे तालुक्याचं गाव. पण येळवस पाहायची तर गाव सोडायला हवं. ज्यांच्या शेतात मला बोलावणं होतं ते साठीच्या पुढचे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणतात. दहा एकर काळं रान, एक विहीर, दोन बैल अजून दावणीला. त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, चटया, पोरंबाळं भरली होती. बिंदग्यातली अंबील मात्र त्यांच्या सूनबाईंनी डोक्यावर घेतली होती. गाडी जाते तिथे डोक्यावर कशाला, असं कुणीतरी म्हणालंही. तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, "अंबील डोक्यावरनंच येती रानात. तशीच पद्धत हाय."

रानात गेल्यावर पहिलं काम कोपीचं. कडब्याच्या पाच पेंढ्या घेतात, बुडखे जमिनीवर फाकवून टेकवतात, शेंडे वर एकत्र बांधतात. पेंढ्या बांधायला सुताची दोरी चालत नाही असं तात्यांनी बजावलं आणि कडब्याच्याच दोन ओल्या ताटांना पीळ देऊन त्यांचा बंध केला. पीळ देताना ताट मोडू नये म्हणून ते आधी गुडघ्यावर हलकेच चेचून घेतलं. वरून काकूंची हिरवी शाल पांघरली. आत पाच दगड, चुन्याने रंगवलेले, त्यांवर कावेचे पट्टे. कुणी त्यांना पांडव म्हणतं, कुणी लक्ष्मी. तात्यांच्या म्हाताऱ्या आईला मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पांडव बी आन लक्ष्मी बी. रान त्येंचंच हाय." मग जोडप्याने पूजा केली. हळदकुंकू, आंब्याची डहाळी, समोर केळीच्या पानावर सगळ्या पदार्थांचा नैवेद्य, आणि अंबिलीचा एक तांब्या.

येळवस हा सुगीचा सण आहे आणि नाहीही. धान्य घरात आल्यावर केलेला तो आनंद नव्हे. खरीप निघालेला असतो, रब्बी रानात उभी असते. ज्वारी कुठे पोटऱ्यात, कुठे निसवलेली, हरभरा घाट्यांवर, तूर शेंगांनी वाकलेली, करडईला काटे धरू लागलेले. अजून थंडी कमी होऊ शकते, ढग येऊ शकतात, घाटेअळी पडू शकते, चिमण्यांची धाड येऊ शकते. पीक पदरात पडेलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि नेमक्या त्या दिवशी शेतकरी पिकाला जेवू घालतो. हाती काही लागण्याआधीच आभार मानणारा हा सण आहे, म्हणून मला तो सुगीच्या बाकी सणांपेक्षा मोठा वाटतो.

तिथी चंद्राची, पीक सूर्याचं, त्यामुळे दरवर्षी सण पिकाच्या वेगळ्या वयात येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून त्यानंतरची येळवस थेट ११ जानेवारी २०२४ ला पडली आणि कित्येक रानांत हुरडा भाजता आला. ३० डिसेंबरला आम्ही गेलो तेव्हा तात्यांच्या ज्वारीची कणसं नुकती बाहेर आली होती, दाण्यात दूध भरत होतं. २०२५ साली ती १९ डिसेंबरला.

पूजेनंतर चर शिंपायचा. तात्यांनी अंबिलीत भज्जी, खीर, उंड्याचे तुकडे कालवले, हातात डहाळी घेतली आणि शेताच्या कडेकडेने चालू लागले. मागे मुलं. पाच-सात पावलांवर डहाळी बुडवायची आणि पिकावर झटकायची, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने हाळी द्यायची. ती हाळी अर्धी कानडी आहे. शब्दांचा अर्थ तात्यांना सांगता येत नव्हता आणि त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. शेजारच्या रानातून तशीच हाळी आली, मग पलीकडच्या बांधावरून. थोड्या वेळात सगळं शिवार एकमेकांना ओरडून सांगत असल्यासारखं झालं. कानडी शब्द इथे पाहुणे नाहीत. भालकी, बसवकल्याण, आळंद इथून फार लांब नाहीत, आणि १९५६ पर्यंत बिदर, कलबुर्गी, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) हे सगळे एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे. सीमेपलीकडेही त्याच दिवशी त्याच अंबिलीचा चर शिंपला जातो.

आता जेवण. भज्जीबद्दल बाहेरच्या माणसाला सांगताना इथले लोक आधी एक गोष्ट स्पष्ट करतात: ही तळणीची भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे आधी शिजवून घेतात. त्यात चुका, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगं, बोरं पडतात. चिंचेच्या कोळात डाळीचं पीठ कालवून ते वर सोडतात आणि सावकाश आटवतात. फोडणीला लसूण हात सैल सोडून घालायचा आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. काकूंच्या मोठ्या पातेल्यात किती जिन्नस होते ते मी मोजू लागलो तर त्यांनीच अडवलं, "मोजू नका, इटाळ होतो जणू! रानात जे हाय ते समदं पडलं पायजे." घास घेतला की आधी आंबट लागतं, मग दाण्यांची गोडी, आणि बोराची बी दाताखाली आली की थांबावं लागतं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. ते हाताने फोडून भज्जीत बुडवायचे. गव्हाची गूळ घालून केलेली खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आणि अंबील. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी आंबवून, शिजवून, थंड करून, त्यात ताक, लसूण, जिरं, आलं. ऊन चढू लागलं होतं, आणि बिंदग्यातून तांब्यात ओतलेली ती गार अंबील पिताना ज्वारीचा वास नाकात शिरत होता.

पंगतीला चाळीसेक माणसं होती आणि त्यांत तात्यांच्या घरची निम्मीही नसतील. ज्याला शेत नाही त्याला येळवसीला शेतवाला बोलावतो. ज्याला चार घरची बोलावणी असतात तो चार रानांत थोडं थोडं खातो. तात्यांच्या पंगतीत औशातले एक कापड दुकानदार होते, एसटीचे एक वाहक, शाळेतल्या दोन बाई, गावातलं एक मुसलमान कुटुंब, ज्यांचे वडील तात्यांच्या वडिलांबरोबर मोट धरायचे. वाटेने जाणाऱ्या अनोळखी मोटरसायकलवाल्यालाही मुलांनी हात करून थांबवलं. "जेवल्याबिगर कसं जाताव?" हा प्रश्न त्या दिवशी शिवारभर ऐकू येतो आणि त्याला नकार देता येत नाही.

पण ही पंगत अशीच पूर्वापार होती असं लिहिणं खोटं ठरेल. तात्यांच्या रानात वर्षानुवर्षं खुरपणीला येणाऱ्या एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या मायला अंबील वरनं वतायचे, गाडग्यात. लांब बसून खायची ती. आता माझी नातवंडं तात्यांच्या नातवंडांच्या ताटात हात घालतेत." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत आणि कौतुकानेही नाही. तात्या ऐकत होते, त्यांनी मान खाली घातली. येळवसीचा गोडवा गाणाऱ्या लेखांत ही मावशीची आई यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. सण सुधारतो तो तिच्यासारख्यांच्या आठवणीसमोर उभं राहूनच.

जेवणं झाल्यावर पोरं झोपाळ्याला लागली, लिंबाच्या फांदीला. बायका बोरं वेचायला गेल्या. मी आणि तात्या बांधावरून फिरलो आणि ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आलो होतो ती तिथे समोर दिसली.

दहा एकरांत ज्वारी किती होती? विहिरीच्या वरच्या अंगाला वीस-बावीस गुंठे. बाकी हरभरा, थोडा ऊस, आणि सोयाबीन काढलेल्या सरीत उरलेली तुरीची पाटं. तात्यांच्या लहानपणी याच रानात निम्म्याहून जास्त शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, असायचा. शाळूत मध्ये करडईचे तास, कडेला जवस, तुरीच्या ओळीत मूग-उडीद, बांधाला वाल आणि अंबाडी. भज्जीचं सगळं सामान त्याच शिवारातून येत होतं. "बाजारातनं मीठ आन् गूळ आणायचो फकस्त," तात्या म्हणाले. आज त्यांच्या पातेल्यातला वाल विकतचा होता, वाटाणा विकतचा, चुका विकतचा. कोपीच्या पाच पेंढ्या तेवढ्या घरच्या. शेजारच्या रानातली कोप मात्र विकत आणलेल्या कडब्याची होती, कारण त्या शेतकऱ्याने चार वर्षांत ज्वारी पेरलेली नव्हती.

शहरात बसून आपण याला हौसेने 'बदलती पीकपद्धती' म्हणतो आणि शेतकरी नगदी पिकाच्या मागे लागला असं ठरवून मोकळे होतो. बांधावर उभं राहिलं की गणित वेगळं दिसतं. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या महिन्याभरात व्हावी लागते. पावसाळ्याच्या शेवटी काळ्या मातीने जी ओल धरून ठेवलेली असते तिच्यावर हे पीक निघतं. पुढे पाणी नाही दिलं तरी चालतं. वरची भेग कोळप्याने बुजवत राहायची म्हणजे ओल उडत नाही. पण ज्या रानात सोयाबीन आहे तिथे सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबर उजाडला तरी सोयाबीन उभं असतं. ते निघून रान तयार होईपर्यंत शाळूची वेळ टळून जाते. मग उरतो हरभरा, जो ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरता येतो. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली आणि तिच्या पाठोपाठ हरभरा आला, त्यात लालचेपेक्षा वेळापत्रकाचा भाग जास्त आहे.

दुसरी अडचण हातांची. सोयाबीन आणि हरभरा यंत्राने निघतात. शाळू अजून माणसाला उपटावा लागतो. ताट मुळासकट उपटायचं, कारण कडब्याची लांबी आणि जमिनीची मशागत दोन्ही त्यावर. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाकून उपटणी करायची, पेंढ्या बांधायच्या, बायकांनी बसून कणसं खुडायची, कडब्याची बुचाडं लावायची, मग मळणी. उपटणाऱ्याच्या तळहाताला फोड येतात आणि ताटावरचा पांढरा भुरका अंगाला खाजवतो. तात्यांनी हात पुढे करून दाखवला. अंगठ्याच्या बुडाला चामडं जाड झालं होतं आणि त्यात एक जुनी चीर होती, काळ्या मातीने भरलेली. "पोरगं म्हणतंय, मी उपटणार न्हाई. त्येला मी काय म्हणू?"

भाव पाहा. २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,४२१ रुपये क्विंटल होता, सोयाबीनचा ४,८९२. त्या हंगामात सोयाबीन बाजारात हमीभावाच्या बऱ्याच खाली विकलं गेलं आणि शेतकरी रडकुंडीला आला, हे खरं. तरीही सोयाबीन शंभरेक दिवसांत मोकळं करतं आणि मजूर शोधायला लावत नाही. ज्वारीच्या बाजूने बोलतो तो कडबा. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला तो सोन्यासारखा. पण बैल गेले, ट्रॅक्टर आला, की तोही आधार जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. मोठ्या शहरांत ज्वारीची बिस्किटं आणि नूडल्स आली. मोहोळच्या केंद्रात निवडलेली, दशकानुदशकं मराठवाड्याला आणि सोलापूरला जगवणारी मालदांडी ३५-१ ज्याच्या रानात उभी होती, त्याच्या हाताचे फोड त्या वर्षाने कमी केले नाहीत. मला वाटतं, ज्वारीचं खरं कौतुक करायचं तर लहान शेतकऱ्याला परवडेल असं उपटणीचं यंत्र आणि खरेदी केंद्रावर ज्वारीचं वजन वेळेत होणं, या दोन गोष्टींपासून सुरुवात करायला हवी.

कारण हे पीक या मुलखाला विनाकारण मिळालेलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. ज्या जिल्ह्यावर अशी वेळ येते तिथे पाण्याशिवाय केवळ जमिनीच्या ओलीवर आणि दवावर उभं राहणारं धान्य बाजूला पडत जातं आणि ऊस वाढत जातो, हे पाहून जीव तुटतो. तात्यांच्याही रानात ऊस आहे. त्यांना मी त्याबद्दल बोल लावणार नाही. त्यांच्या दोन मुलींची लग्नं उसावर झाली.

तरीही ते वीस-बावीस गुंठे का ठेवतात? मी थेट विचारलं. तात्या म्हणाले, "येळवस करायची तर कोप पायजे. कोपीला कडबा पायजे. चर शिंपायला उभं पीक पायजे. हरभऱ्यावर बी शिंपतो की, पण ज्वारीवर शिंपल्याबिगर अंबील रानात आणल्यासारखं वाटत न्हाई." त्या शिवारात असे तुकडे बरेच दिसले: विहिरीजवळ, झाडाखाली, बांधालगत, पाच-दहा तासांचा शाळू. कृषी खात्याच्या नोंदीत ते पीक म्हणून कितपत उठून दिसत असतील ठाऊक नाही, पण घरच्या भाकरीपुरतं आणि सणापुरतं बियाणं त्यांनी हातातून जाऊ दिलेलं नाही. सण पिकामुळे जन्मला. आता निदान इथे तरी पीक सणाच्या आधाराने तग धरून आहे.

दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही किल्लारीच्या बाजूला जाऊन आलो, औसा तालुक्यातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे आणि पलीकडच्या उमरगा-लोहारा पट्ट्यात जे झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. भूकंपानंतर गावं नव्या जागी वसली, काही जुन्या जागेपासून बरीच लांब. शिवार मात्र जिथल्या तिथे राहिलं. त्यामुळे येळवसीला नव्या गावातली माणसं जुन्या गावाच्या अंगाने रानात जातात. एका बांधावर एक गृहस्थ भेटले, भूकंपात ते दहा वर्षांचे होते. कोपीपुढे त्यांनी एक ताट जास्तीचं मांडलं होतं. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांनी मला अंबील दिली आणि शेजारच्या झाडाखाली बसवलं. त्यांची ज्वारी चांगली होती, कणसं टपोरी, रान स्वच्छ.

अंधार पडताना तात्यांच्या रानात परतलो. मडक्यात दूध उतू घालण्याचा विधी चालू होता. दूध ज्या दिशेला उतू जाईल त्या दिशेच्या रानाला पुढचं साल चांगलं, असा समज. दूध पूर्वेकडे गेलं, पूर्वेकडच्या भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. मग हेंडगा. कडब्याची जाड पेंढी पेटवून पोरं शेताभोवती पळाली. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पेंढी जात होती, ठिणग्या मागे उडत होत्या, आणि म्हातारी आई खाटेवरून ओरडत होती, "हरभऱ्याकडनं नगा जाऊ रं!" आजूबाजूच्या प्रत्येक शिवारात असे जाळ पळताना दिसत होते.

हा लेख छपाईला जाण्याआधी तात्यांना फोन केला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, तेरणा-मांजरा जशा पात्राबाहेर आल्या, त्यात त्यांचं सोयाबीन शेंगांतच उगवलं. तुरीच्या मुळांत पाणी साचून पाटंच्या पाटं पिवळी पडली. रानात अजून घात नव्हती, पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. ज्वारीची वेळ निघून चालली होती. विहिरीच्या वरच्या अंगाला जमीन जरा उंच आहे, तेवढीच आधी वापशाला येणार होती, तिथे दसऱ्यानंतर पेरू म्हणत होते. अमावास्या १९ डिसेंबरची, म्हणजे पीक लहान असणार होतं, कणीस काही दिसणार नव्हतं. भज्जीला तूर बाहेरून आणावी लागणार होती, कडबा आदल्या सालचा होता.

"या तुम्ही," तात्या म्हणाले. "बियाणं ठेवलंय. गुडघ्याएवढी असली तरी ज्वारीच असंल."